पांढरं इंद्रधनुष्य

आमच्या घरात थापेला थाप म्हणत नाहीत, ‘पांढरं’ म्हणतात. ‘काय पांढरं लावलंयस?’ ‘हे मला जरा पांढरंच वाटतंय.’ ‘तिचं काय ऐकता, ती पांढरं सांगते.’ वहिनी लग्न होऊन देवळाली कॅम्पातून आमच्याकडे आली, तेव्हा तिला वाटलं आम्ही लहानपणी राहिलो त्या सुरगाण्याकडून हा शब्द आणला असेल. ती तो कॉलनीतल्या बायकांशीही वापरायला लागली आणि त्या बिचाऱ्या तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. हा शब्द जगात फक्त आमच्या घरात आहे. तो माझ्यासाठी तयार झाला आणि माझ्या थोरल्या भावाने तयार केला. त्या भावावर मी सूड कसा उगवला ते सांगायला बसले आहे. भावाबहिणीच्या मायेचं काही वाचायचं असेल तर दुसरं काहीतरी उघडा.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आमच्या लहानपणी त्यांची बदली सुरगाण्याच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर झाली होती. शाळेच्या मागेच दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. पाड्याच्या खाली ओढा होता आणि तो पुढे जाऊन कड्यावरून पडायचा. त्या भागातलं बहुतेक पाणी मावळतीकडे धावतं. हा ओढा मात्र डोंगराला वळसा घालून उगवतीकडे तोंड करून पडायचा. धबधब्यासमोर एक सपाट खडक होता. आई गोधड्या धुवायला तिथे जायची.

आश्विन पौर्णिमा होऊन गेली होती. दुपारी धुतलेली एक गोधडी आई खडकावर विसरली आणि दिवेलागणीनंतर तिला आठवलं. मी गोधडी आणायला खाली उतरले, आई वर पायवाटेवर बॅटरी धरून उभी राहिली. चंद्र माझ्या पाठीमागच्या डोंगरावर नुकताच आला होता. गोधडी उचलून मी मान वर केली तर धबधब्याच्या तुषारांत एक कमान उभी होती. दूध सांडल्यासारखी पांढरी, या काठापासून त्या काठापर्यंत. मी पळत वर गेले. आईला म्हटलं, ‘आई, पांढरं इंद्रधनुष्य!’ आई म्हणाली, ‘असेल बाई. गोधडी ओली झाली का?’ झाडाच्या आडून तिला तिथून काही दिसत नव्हतं.

मी ते दादाला सांगितलं, हे माझं चुकलं. तो माझ्याहून तीन वर्गांनी पुढे. पण त्या शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत बसायचे. दुसऱ्याच दिवशी त्याने हात वर केला. शाळेत आम्ही वडिलांनाही गुरुजीच म्हणायचो. ‘गुरुजी, इंद्रधनुष्याला रंग किती असतात?’ गुरुजी म्हणाले, सात. ‘आणि ते रात्री पडतं का?’ गुरुजी म्हणाले, ऊन लागतं त्याला, रात्री कसं पडेल? मग दादाने माझ्याकडे बोट केलं. ‘हिने काल रात्री पाहिलं. एकाच रंगाचं. पांढरं!’ सगळी खोली हसली. गुरुजीही हसले. वडील हसले याचं मला तेव्हा वाईट वाटलं, नंतर विसरले. दादाचं ते माझ्यावर रोखलेलं बोट काही विसरले नाही.

तिथून तो शब्द आमच्या घराला चिकटला. आम्ही नाशिकला कॉलनीत राहायला आलो, तो आमच्याबरोबर आला. दहावीला मराठीत शाळेत पहिली आले, तर दादा म्हणाला, ‘गुणपत्रिका दाखव आधी, पांढरं नको.’ मला एक मुलगा आवडलाय असं घरी सांगितलं, तर म्हणाला, ‘मुलगा आहे ना नक्की? की पांढरा?’ सगळे हसायचे. मीही हसायचे, न हसले असते तर ‘चिडली बघा, म्हणजे पांढरंच’ असं झालं असतं. दादा पुढे तहसील कचेरीत अव्वल कारकून झाला. मग तर त्याला ‘पुरावा काय?’ हे विचारायची सरकारी सवयच लागली. मी शाळेत मराठी शिकवायला लागले. वर्गातली मुलं माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची. घरी आले की मी पुन्हा थापाडी.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. कुठल्या घरात असं एखादं चिडवणं नसतं?

मग वडील गेले आणि काही वर्षांनी आई आजारी पडली. शेवटी शेवटी ती दवाखान्यातच होती. एका दुपारी मी एकटीच तिच्याजवळ होते. तिने माझं मनगट धरलं आणि स्पष्ट शब्दांत म्हणाली, ‘मला इथं ठेवू नका. मला दादाकडे घरी न्या. घरात मरू द्या मला.’ तिला भ्रम झालेला नव्हता. पुढच्याच वाक्यात तिने मला विचारलं की तू जेवलीस का आणि माझ्या केसांना तेल नाही म्हणून कुरकुरही केली.

मी बाहेर व्हरांड्यात गेले. दादा होता, वहिनी होती, माझा नवरा होता, काका आणि त्यांच्या सुना भेटायला आल्या होत्या. मी सांगितलं, आई घरी न्या म्हणतेय. दादाने माझ्याकडे बघितलंही नाही. काकांकडे बघत म्हणाला, ‘आई असं म्हणायची नाही. हे हिचं पांढरं.’

आणि ते हसले. मोठ्याने नाही. सवयीने, ओठांच्या कोपऱ्यात, तो शब्द ऐकल्यावर इतकी वर्षं हसत आले तसे. माझा नवराही हसला आणि मग माझा चेहरा बघून गप्प झाला. आई त्यानंतर काही दिवसांनी तिथेच गेली. पडदा ओढलेला, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नातू मोबाइलवर काहीतरी बघत होता.

त्या व्हरांड्यातल्या हसण्याने माझ्या मनात जी गाठ बसली ती मी सोडवायचा प्रयत्नही केला नाही. रोज स्वयंपाक करताना मी दादाशी मनातल्या मनात भांडायचे. त्याला उत्तरं द्यायचे, ती सुधारायचे, पुन्हा द्यायचे. विहारात त्याच्या शेजारी बसून वंदना म्हणताना, सगळ्या जिवांचं भलं होवो म्हणायची वेळ आली की त्याचा अपवाद करायचे. हे बरोबर नाही, मला कळत होतं. पण मला त्याला तोंडघशी पाडायचं होतं. सगळ्यांसमोर. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की मी खरं बोलते. दुसरं काही नको होतं.

आणि मग एके दिवशी आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादानेच एक फोटो टाकला. परदेशातला कुठला तरी धबधबा, वर चांदण्या, आणि तुषारांत कमान. खाली लिहिलेलं, ‘निसर्गाचा चमत्कार! चंद्रप्रकाशाचे इंद्रधनुष्य!!’ आणि हात जोडलेले. कुणीतरी कुणालातरी पाठवलेलं, याने डोळे झाकून पुढे ढकललेलं. त्याला काही आठवलं नव्हतं. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून त्याने मला खोटारडी ठरवलं, ती गोष्ट त्याने मला ‘शुभ सकाळ’च्या गुच्छाबरोबर पाठवली. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. त्या फोटोखाली एक अंगठा टाकला आणि त्या दिवसापासून सहलीची तयारी सुरू केली.

माझ्याइतका कट रचून कुणी सहल आखली नसेल. मी वाचून काढलं की असं धनुष्य पडायला काय काय लागतं. चंद्र पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण हवा. तो आपल्या पाठीमागे हवा आणि वर चढलेला नको, डोंगराला टेकलेला हवा. समोर तुषार हवेत, आजूबाजूला दिवे नकोत, आभाळ मोकळं हवं. वाचता वाचता मला आमचा तो उलटा ओढा दिसायला लागला. उगवतीकडे तोंड, समोर खडक, पाठीमागे चंद्र. मी लहानपणी नेमक्या जागी, नेमक्या वेळी गोधडी आणायला गेले होते. आणि एक गोष्ट तर अशी सापडली की मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने ‘बघ!’ म्हणाले. चांदणं मंद असतं, त्यात माणसाच्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. म्हणून हे धनुष्य डोळ्याला पांढरंच दिसतं.

पौर्णिमेच्या दिवशी चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास उगवतो, तेव्हा उजेड असतो. दुसऱ्या दिवशी तो जरा उशिरा उगवतो, अंधार पडल्यावर. म्हणजे मला आश्विन पौर्णिमेचा दुसरा दिवस हवा होता. पाऊस सरत आलेला, ओढ्याला पाणी असलेलं. पण दादाला काहीही सरळ सांगितलं की तो आधी ‘नाही’ म्हणतो. म्हणून मी फोन करून म्हटलं, ‘दादा, पौर्णिमेला आपल्या जुन्या पाड्यावर जाऊया, संध्याकाळी.’

‘पौर्णिमेला? डोकं आहे का? वर्षावासाचा समारोप आहे विहारात. मी कमिटीत आहे. दुसऱ्या दिवशी ठेव.’

‘बरं, तू म्हणशील तसं,’ मी पडलेल्या आवाजात म्हटलं आणि फोन ठेवून चहा टाकला.

पहिल्या वर्षी ढगांनी घात केला. गेलो, खडकावर बसून चिवडा खाल्ला, भिजत परत आलो. धनुष्याबद्दल मी आधी चकार शब्द काढला नव्हता, म्हणून वाचले. तरी दादा परतताना म्हणालाच, ‘एवढं काय होतं इथे बघण्यासारखं?’ मी दातओठ खात पुढच्या आश्विनाची वाट बघू लागले. वर्षभर मी त्याच्याशी इतकी गोड वागले की नवऱ्याला शंका आली. म्हणाला, ‘तू त्याला नक्की काय करणार आहेस?’ मी म्हटलं, ‘काही नाही, निसर्ग दाखवणार आहे.’

दुसऱ्या वर्षी आभाळ धुऊन काढल्यासारखं होतं. नवरा गाडी चालवायला, दादा त्याच्या शेजारी, मी आणि वहिनी मागे. डब्यात चपात्या, बटाट्याची भाजी, ठेचा. दादाने नवीन मोबाइल घेतला होता, रात्रीचे फोटो काढणारा. दिंडोरी मागे पडेपर्यंत तो त्याच्याबद्दलच सांगत होता. वहिनी आपला मोबाइल घरीच विसरली होती आणि त्यावरून वाटेत बोलणी खात होती. पाड्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शाळेला आता स्लॅबचं छप्पर होतं, आमच्या खोल्या पाडल्या होत्या. दादाला वाईट वाटलं. मला काही वाटायला सवड नव्हती.

खडकावर सतरंजी टाकली. मी बॅटऱ्या बंद करायला लावल्या. दादा म्हणाला, ‘अंधारात कशाला बसवतेस?’ मी म्हटलं, ‘बस रे जरा.’ पाठीमागच्या डोंगराची कड आधी उजळली. मग चांदणं समोरच्या कड्यावर वरून खाली उतरायला लागलं. आधी झाडांचे शेंडे, मग पाण्याची धार, मग खालचे तुषार. न दिसलं तर? खरंच मी लहानपणी काहीतरी भलतंच पाहिलं असेल तर? इतक्या वर्षांत ही शंका मी स्वतःला कधी येऊ दिली नव्हती, ती त्या खडकावर आली.

‘अगं बाई,’ वहिनी म्हणाली.

कमान उभी होती. मला आठवत होती तितकी मोठी नव्हती, पण तीच. वहिनी उठून उभी राहिली. ‘अहो, पांढरं आहे! खरंच पांढरं इंद्रधनुष्य आहे हो!’ नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी दादाकडे वळले. बोलायचं सगळं तयार होतं, वर्षानुवर्षं घोटलेलं.

दादा मोबाइलमध्ये बघत होता. दोन्ही हातांनी तो स्थिर धरून, श्वास रोखून. मग मान वर करून म्हणाला, ‘हे बघ. पांढरं कुठाय? लाल, पिवळा, निळा... सगळे रंग आहेत.’ आणि त्याने पडदा माझ्या नाकासमोर धरला. खरंच होते. डोळ्याला न दिसणारे रंग त्या यंत्राने गोळा केले होते. ‘मी तेव्हाच म्हणत होतो, पांढरं इंद्रधनुष्य नसतंच. हा घे पुरावा.’

म्हणजे त्याला आठवत होतं. त्याला सगळं आठवत होतं.

तो मोबाइल हिसकावून पाण्यात फेकावा असं मला वाटलं. हात पुढे झालाही होता. पण मी म्हटलं, ‘दादा, तो खिशात ठेव. आणि नुसत्या डोळ्यांनी बघ.’ माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने ठेवला. वहिनी आणि नवरा तुषार अंगावर घ्यायला पुढे गेले होते. पाण्याच्या आवाजात त्यांना आमचं ऐकू जात नव्हतं. दादा बराच वेळ बघत राहिला.

‘पांढरं आहे,’ तो म्हणाला.

‘आणि आई घरी न्या म्हणाली होती.’

‘माहितीये.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ‘काय माहितीये?’

‘मलाही म्हणाली होती. तुला म्हणायच्या आधीच.’ तो धबधब्याकडेच बघत होता. ‘मला नाही जमलं असतं. घरात, माझ्यासमोर... मला भीती वाटत होती गं. तू सगळ्यांसमोर बोललीस, मी काय करणार होतो?’

मी त्याला खोटं पाडायला आले होते. पण मी खरं बोलतेय हे त्याला त्या व्हरांड्यातही ठाऊक होतं. त्याने मला खोटारडी समजून तो शब्द वापरलाच नव्हता. हाताशी होता आणि कामाला येणार होता, म्हणून वापरला. माझा राग इतकी वर्षं ज्या माणसावर होता तो माणूस निदान मूर्ख होता. हा मूर्ख नव्हता. याची भीती मला समजत होती आणि तरी दया येत नव्हती.

‘हे तुझ्या वहिनीला बोलू नकोस,’ तो म्हणाला. ‘तिला मी तेव्हा सांगितलं होतं, आईलाच घरी यायचं नाहीये.’

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आम्ही जेवलो, सतरंजी झटकली, गाडीत बसलो. दादा पुन्हा पुढे. पाडा मागे पडला, घाटाची वळणं सुरू झाली. वहिनी खुशीत होती. म्हणाली, ‘ताई, आज आई असायला हव्या होत्या.’

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘तुला आईबद्दल एक सांगायचंय.’

दादा झटकन मागे वळला. ‘अगं, तिचं काय ऐकतेस. पांढरं असणार काहीतरी.’ त्याने हसूनही दाखवलं.

कुणी हसलं नाही. नवरा आरशातून माझ्याकडे बघत होता. वहिनी म्हणाली, ‘पांढरं तर मी आत्ताच बघून आले. तुम्ही पुढे बघा. बोला ताई.’

मी सगळं सांगितलं. दवाखान्यातली दुपार, आईने धरलेलं मनगट, आणि आत्ता खडकावर दादा काय बोलला ते. दादाने मधे दोनदा ‘अगं पण’ म्हटलं आणि मग म्हणायचं सोडलं. वहिनी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. मांडीवरचा रिकामा डबा नुसता घट्ट धरून बसली.

‘मी आतली खोली रिकामी करून ठेवली होती,’ ती म्हणाली. ‘खाट उन्हात टाकून घेतली होती. नवीन चादर आणली होती. मला वाटलं, त्यांना माझ्या हातचं पाणीसुद्धा नको होतं. इतकी वर्षं मी हेच धरून बसलेय, माझं काय चुकलं म्हणून.’

पुढून दादा म्हणाला, ‘ऐक ना...’

‘घरी चला,’ वहिनी म्हणाली. ‘मग ऐकते.’

त्या आवाजाने नवऱ्यानेही गाडी जरा हळू केली. दादा समोरच्या काचेकडे बघत बसला, मानेवरून घाम चाललेला. वहिनीला मी आज दुखावलं होतं, त्याचं मला वाईट वाटत होतं. पण घरी गेल्यावर तो कसा उभा राहील, काय बोलेल, आणि वहिनी त्यावर कसा विश्वास ठेवणार नाही, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.